चिमणीला धूर नाही

आबा, आज कारखान्याच्या गेटवर निम्मं गाव गोळा झालं होतं. कारण ऐकलंत तर आधी मला झापाल, मग पोट धरून हसाल. मी बसवलेला नवा बॉयलर पेटून तीन तास झाले होते, गाळपाच्या गव्हाणीत ऊस धडाधड पडत होता, आणि शेजारच्या काकू धापा टाकत आल्या, "आगं, चिमणीला धूर न्हाई! बंद पडला का कारखाना? पुन्ना कोयते उचलायचे का आमी?" मागं माणसंच माणसं. खरं सांगते, मला नाचावंसं वाटत होतं.

त्यांचं काय चुकलं? तुम्ही बॉयलरवर फायरमन, आणि आई चूल पेटवायच्या आधी दारातून चिमणी बघायची. काळा धूर दिसला की तिचा चेहरा खुलायचा. दुष्काळाच्या त्या साली ऊसच नव्हता. कारखाना सहकारी, आपण त्याचे सभासद, तरी आपणच परमुलखात दुसऱ्यांचा ऊस तोडायला गेलो. परत आल्यावर मी शाळेतलं बडबडले, की धुरानं हवा तापते, पाऊस बिघडतो. तुम्ही ताट सरकवून उठलात. "धूर हाय तवर भाकर हाय! लई शानी झालीस. बिनधुराची भरभराट कुठं बघितलीस का?" दुसऱ्या दिवशी बॉयलरचा बंद पडलेला प्रेशरचा काटा आणून माझ्या हातात ठेवलात. तो आत्ताही माझ्या टेबलावर आहे.

तर आबा, बिनधुराची भरभराट बघितली की! तुम्हाला ज्याचा एवढा अभिमान होता तो काळाकुट्ट धूर म्हणजे रस काढून उरलेलं ओलं चिपाड धड न जळल्याची खूण होती. म्हणून तर वरून कोळसा ओतावा लागायचा. आई ओलं सरपण चुलीच्या कडेला वाळत ठेवायची ना? मी तेच केलं. चिमणीतून वाया जाणारी ऊब वळवून चिपाड आधी वाळवते, मग जाळते. कोळसा बंद, वाफ पुरेपूर म्हणून गाळप आणि साखर जास्त, वर वीज उरते ती तारेवरून गावोगाव जाते. एवढ्यानं देशाचा धूर कमी झाला म्हणायला मी खुळी नाही. देश वाढतोय, घरोघरी फ्रीज आणि मोटारी येताहेत. उन्हाची, वाऱ्याची, चिपाडाची वीज आली म्हणून कोळशाची भट्टी आपोआप विझत नाही, ती कुणीतरी विझवावी लागते. पण भरभराट आणि धूर यांची गाठ सुटते, हे आज या डोळ्यांनी बघितलं! काकूंना हाताला धरून गव्हाणीपाशी नेलं. पडणारा ऊस बघून त्या म्हणाल्या, "तुजा बाप असता तर येडा झाला असता बग." मी सगळ्यांसमोर रडले.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार? घडी करून त्या काट्याखाली ठेवते. एक कबूल करायचं राहिलं. काकू यायच्या आधी मी चहाचा कप घेऊन बाहेर आले होते. सवयीनं वर बघितलं, चिमणीला धूर दिसला नाही, आणि कप तिथंच टाकून आत पळाले. बॉयलरवरच्या माणसाला सगळ्यात आधी मीच ओरडून विचारलं, "बंद पडला का?"