ईदीच्या नोटेचा वास

राशिदभाई, सलाम.

ईदीसाठी आपलं सगळं मुहर्रक शहर बँकेतून कोऱ्या नोटा आणतं. तू मात्र माझ्या लेकीच्या, लुलवाच्या हातावर दहा दिनारची जुनी, मऊ पडलेली नोट ठेवलीस. वर म्हणालास, "घाईत मिळाली ती आणली गं."

मी ती नाकाशी नेली. ऊदाचा वास! मशिदीला द्यायच्या नोटा आपली आई धुपाच्या डब्यात ठेवायची. ती गेली आणि डबा रिकामा निघाला, तेव्हा तू कुराणाची शपथ घेतलीस, "मी डबा उघडलासुद्धा नाही."

खोटारड्या!

पण हे पत्र मी धाडणार नाही. तू विचारशील, "दोन वर्षांनी वास कसा ओळखलास?" अर्ध्या नोटा मी तुझ्याआधीच काढल्या होत्या. माझं कपाट अजून तसंच दरवळतं.

तुझीच बहीण,
मुनीरा