शिवांजलीचे पाच मार्क

२१ ऑगस्ट
अकरावी सायन्सची युनिट टेस्ट तपासली. प्रश्न माझाच: आदर्श वायू दाबून निम्म्या जागेत कोंबला, तापमान तेवढंच ठेवलं, तर आंतरिक ऊर्जेचं काय होईल? शिवांजलीने लिहिलं, काही होणार नाही, ती फक्त तापमानावर ठरते. पाचपैकी शून्य दिलं. दाबल्यावर वाढत नाही म्हणे.

२२ ऑगस्ट
कार्टी पुस्तक घेऊन स्टाफरूममध्ये. हाकलली. बावीस वर्षं शिकवतोय. ५ सप्टेंबरला संस्था मला आदर्श शिक्षकाची शाल देणार, ती काय उगाच? फ्लेक्स छापायला गेला. फोटो मीच निवडला, केस असतानाचा.

२५ ऑगस्ट, सकाळी ७
संकल्प: चिडायचं नाही.

७.२०
बायकोला समजावलं, कुकरमध्ये दाब वाढतो म्हणून ऊर्जा वाढते. शकुंतला म्हणाली, खालचा गॅस बंद करून दाब वाढवून दाखवा. हिला विज्ञानात गती नाही. चहा न घेता निघालो.

२८ ऑगस्ट
शिवांजलीचा बाप हंबीरराव. फौजेतून रिटायर, रहिमतपूरला टायरचं दुकान. थेट संस्थेच्या सचिवांकडे तक्रार. सचिव म्हणाले, मिटवा, नाहीतर सत्काराचा विचार करावा लागेल. मिटवतोच. त्याच्याच दुकानात, त्याच्याच हवेच्या टाकीवर. सचिवांनाही यायला सांगितलं. बापलेकीची जिरताना साक्षीदार पाहिजे.

३१ ऑगस्ट
टाकीचा काटा शंभर पौंडांवर. म्हटलं, बघा किती ऊर्जा कोंबलीय. हंबीरराव म्हणाला, "सर, काल भरताना हात भाजत व्हता. आता लावून बघा." लावला. कोमट वाटली. सचिवांना गार वाटली. गिऱ्हाइकालाही गार वाटली, त्याला कुणी विचारलं होतं? शिवांजली म्हणाली, दाबताना घातलेली ऊर्जा उष्णता होऊन बाहेर गेली, आता टाकी बाहेरच्या हवेइतकीच गार, म्हणून आतल्या हवेची आंतरिक ऊर्जा होती तेवढीच. सचिवांनी मान डोलावली. ते इतिहासाचे.

२ सप्टेंबर
सचिवांचा फोन नाही. म्हणजे सत्कार पक्का. शाल कुठल्या खांद्यावर घ्यायची, आरशासमोर बघून ठेवलं.

५ सप्टेंबर
सत्कार शिवांजलीचा केला. 'चिकित्सक विद्यार्थिनी' म्हणून. शाल माझ्या हस्ते. फ्लेक्स नवा करायला वेळ नव्हता, माझ्या फोटोवर तिचा चिकटवला. बाजूने माझे कान दिसत होते. लाज वाटली. पोरगी पाया पडली आणि पिशवीतून पेपर काढला.
"सर, तुमी अजून मार्क दिलं न्हाईसा."
सगळ्यांसमोर पाच लिहायला घेतले. माझं पेन चालेना. तिनंच तिचं दिलं.