खोबरेलातला केक

अहो आई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्या फोटोची चौकटसुद्धा बदलून झाली, पण तुमच्यावर चिडायचं माझं काही संपत नाही. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी वाईट बोलत नाहीये, जाब विचारतेय. दर नाताळात तुम्ही तो रव्याचा आणि ओल्या खोबऱ्याचा केक करायचात, वाडीतली पोरं वास आला की दारात येऊन उभी राहायची, आणि तो कसा करायचा हे घरातल्या एकुलत्या एका सुनेला तुम्ही धड सांगून गेला नाहीत. मी विचारायची, तेल किती? अंदाजाने. तापवायचं किती? अंदाजाने. अहो, पण अंदाज तुमचा, तो माझ्याकडे कुठून येणार? मी काय तुमच्या डोक्यात शिरून बघायचं होतं?

आज हे सगळं उकरून काढायचं कारण तुमची पणती. हो, तुमच्या नातवाला मुलगी झालीय, आता सहा वर्षांची. नाकीडोळी नीटस आहे आणि जिभेने थेट तुमच्यावर गेलीय. तिला दूध चालत नाही. आवडत नाही असं नव्हे, चालतच नाही. थेंबभर पोटात गेलं की अंगावर गांधी उठतात, उलट्या सुरू होतात. एकदा तर श्वास लागला होता आणि माझी सून अनवाणीच तिला उचलून दवाखान्यात पळाली होती. तेव्हापासून लोणी, बिस्किटं, बाहेरचा केक, सगळं बंद. डॉक्टर म्हणतात, काही मुलांचं मोठं झाल्यावर जातं, काहींचं नाही. गेल्या महिन्यात बिल्डिंगच्या खालच्या हॉलमध्ये एका मुलाचा वाढदिवस होता, मी तिला घेऊन गेले होते. केकची बशी समोर आली तशी हिने दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि अगदी गोड हसून सांगितलं, "नको काकू, मला केक आवडत नाही." कधी चाखलेलासुद्धा नाही हो तिने. असं बोलायला तिला कुणी शिकवलंही नव्हतं, तिने तिचंच ठरवलं होतं. वर येताना लिफ्टमध्ये माझा हात धरून हळूच विचारते, "आजी, केक मऊ असतो का गं?" मी म्हटलं, या वाढदिवसाला तू घरी केक कापायचा आणि पोटभर खायचा, मी करणार. बोलून बसले खरी. सून म्हणाली, "आई, बिनदुधाचे मिळतात हल्ली, पण मागच्या वेळी डब्यावर बारीक अक्षरात लिहिलं होतं, दुधाचा अंश असू शकतो. मी तो उघडलाही नाही." मग मला तुमचा केक आठवला. त्यात लोणी नव्हतं, दूध नव्हतं. खोबरेल होतं आणि नारळाचं दूध.

खोबरेलावरून आपलं पहिल्या आठवड्यातच वाजलं होतं, आठवतंय? मी सातारची. आमच्याकडे शेंगदाण्याचं तेल, आणि खोबरेल म्हणजे डोक्याला लावायचं. तुमच्या कारवारी घरात सगळंच त्यात. गिरगावातल्या त्या दोन खोल्यांत पाऊल टाकलं तेव्हा मला वाटलं, इथे कुणी आत्ताच न्हाऊन बाहेर आलंय. तुम्ही भाजीचा गॅस बंद केलात आणि वरून चमचाभर कच्चं तेल सोडलंत, तेव्हा मी तोंड वाकडं केलं ते तुम्ही बरोबर पाहिलंत. दुसऱ्या दिवशी मला फोडणीला उभं केलंत. मी आईने शिकवल्यासारखं तेल चांगलं धूर येईपर्यंत तापवलं. तुम्ही आतून आलात, काही न विचारता कढई उचलून तेल मोरीत ओतलंत आणि म्हणालात, "सातारला तेल जाळून मग जेवतात वाटतं." मी नवी नवरी, हातात मोहरीची वाटी, रडू आवरत उभी. खोबरेल लवकर धुरावतं, कडू होतं, मंद ठेव, एवढं एक वाक्य तुम्हाला जड झालं होतं का? बांगडा तळताना तुम्ही आच कुठे धरता, भाजीवर तेल कच्चंच का घालता, हे मी चोरून बघून शिकले. शिकले ते शिकले, पण वैतागत शिकले.

आणि केकच्या दिवशी तर विचारायलाच नको. डिसेंबरात तेल थिजून बाटलीत पांढरं झालेलं असायचं. तुम्ही मला फर्मान सोडायचात, "ती बाटली गॅलरीत उन्हात ठेव आणि कावळा पाडणार नाही तिथे बसून बघ." मी ऑफिसला रजा टाकून बाटली राखत बसलेली. मग तुम्ही यायचात, झाकण उघडून करंगळी बुडवायचात आणि म्हणायचात, "झालं." काय झालं? किती झालं? मी माझी करंगळी पुढे केली की तुम्ही बाटली बाजूला घ्यायचात, उगाच सगळ्यांनी हात घालू नये म्हणून. साखर आणि तेल फेसायला मात्र मी. अंडी फोडायला तुम्ही. खाली मोठ्या पातेल्यात वाळू तापलेली, वर तळहात धरून तुम्ही बघायचात, पुन्हा अंदाज. केक उतरला की शेजारणी विचारायच्या, कुणी केला गं? तुम्ही म्हणायचात, "मीच. दुसरं कोण करणार?" माझा दुखरा दंड मी पदराखाली चोळत असायची. एकदा मी विचारलं होतं, आई, लोक लोणी घालतात, आपण खोबरेल का? तुम्ही वळूनसुद्धा पाहिलं नाहीत. "आमच्यात असंच करतात," एवढंच. म्हणजे विषय संपला.

आम्ही आता परळला तुमच्या नातवाच्या घरी राहतो, बऱ्याच वरच्या मजल्यावर. स्वयंपाकघराला भिंतच नाही, सगळं एकात एक, आणि हॉलचा एसी दिवसभर चालू. ओव्हन आहे, त्यावर आकडे आहेत. मला वाटलं, आता तुमच्या वाळूची आणि तळहाताची गरज संपली. कसलं काय. पहिल्यांदा ओव्हन जास्त ठेवला, भांड्याच्या कडेचं तेल जळलं, घरभर धूर, आणि केकला कडवट वास. दुसऱ्यांदा आच कमी केली, तेल गॅसवर चांगलं पातळ करून घेतलं आणि त्यात फ्रिजमधली अंडी आणि फ्रिजमधलंच नारळाचं दूध घातलं. बघते तर मिश्रणात पांढरे खडे. पुन्हा थिजलं होतं हो तेल. केक वरून फुगला आणि आतून तेलकट भोकं. तिसऱ्यांदा म्हटलं, तापवायलाच नको, आहे तसं घट्ट तेल साखरेबरोबर फेसते. दंड गेला आणि केक विटेसारखा बसला. नात प्रत्येक वेळी ओव्हनच्या काचेला नाक लावून उभी. प्रत्येक वेळी तीच मला समजावायची, "असू दे आजी, मला तसाही आवडत नाही." भांडी घासताना मी तुमच्या नावाने जे काही बोलले ते इथे लिहीत नाही.

शेवटी वाढदिवस दोन दिवसांवर आला तेव्हा तणतणत बस पकडून गिरगावात गेले, वाडीतल्या आंटीकडे. तुमच्या शेजारची, नाताळात जिच्याकडे तुमचा केक पहिला जायचा तीच. अजून तिथेच आहे, ऐकायला कमी येतं, बाकी खणखणीत. मी ओरडून ओरडून सगळं सांगितलं. ती आधी पोटभर हसली. "तुझ्या सासूला केक मीच शिकवला ना गं. ती सगळ्यांना सांगायची मीच केला, मीच केला." मी गार. इतकी वर्षं आम्ही तो तुमच्या माहेरचा समजत होतो. मग म्हणाली, "पण मी बटर घालते. ती बटर घालायला तयारच नाय. मी बोलली, वास येणार, कोण खाणार? तर बोलली, माझ्या पोराला दूध चालत नाय, बटर खाल्लं की उलट्या करतो, अंगावर येतं त्याच्या. सगळी पोरं नाताळात केक खातात आणि तो दारात उभा राहतो. किती केक फुकट घालवले तिने, विचारू नको. रडायची इथे या खाटेवर बसून."

अहो आई, तुम्ही रडायचात? मी तुमच्याबरोबर इतकी वर्षं काढली, तुम्हाला कधी डोळे पुसताना पाहिलं नाही. आणि ज्यांच्यासाठी रडलात त्या तुमच्या चिरंजिवांना काही पत्ता नाही. मी घरी येऊन विचारलं तर पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "मला? दूध? मी तर दिवसाला चार चहा पितो." पितात खरं. म्हणजे त्यांचं गेलं. मोठं होता होता कधीतरी गेलं, आणि तुम्ही तो विषयच बंद करून टाकलात. आमची नात झाल्यापासून आम्ही डॉक्टरांपुढे बसतोय, घराण्यात कुणाला होतं का म्हणून विचारतात, आणि आम्ही माना हलवून नाही म्हणतो. सून रोज भीत भीत डबा भरते. तुमच्या घरातच हे होऊन, बरं होऊन गेलं होतं, हे कळलं असतं तर तिला केवढा धीर आला असता. "आमच्यात असंच करतात" म्हणे. मी त्या रात्री जेवले नाही, इतकी चिडले होते. आणि हे सुनेला सांगितलं तेव्हा ती बिचारी नवऱ्याच्या बापाकडे बघतच राहिली. डॉक्टरांना विचारून यायचं ठरवलंय, उगाच घरी प्रयोग नकोत. पण तिचा चेहरा सैल झालेला मी फार दिवसांनी पाहिला.

केकचं कोडं मात्र आंटीच्या फळीवर सुटलं. तिथे तिची डोक्याला लावायची खोबरेलाची बाटली होती, आतलं तेल पाण्यासारखं पातळ. तसलंच तेल आमच्याकडे ओट्यावर पांढरंफटक असतं. मी तिथेच कपाळावर हात मारला. तुमच्या स्वयंपाकघरात बारा महिने गॅसची धग, वर पत्रा, खिडकी बोटभर. तिथे अंडी कोमट, नारळाचं दूध कोमट, भांडं कोमट. थंडीतली बाटली तेवढी उन्हात ठेवली की काम झालं. तुम्हाला काही मोजावं लागलंच नाही, ती खोलीच तुमच्यासाठी तेल सांभाळत होती. मी मात्र एसीत उभी राहून तुमचा अंदाज शोधत होते.

वाढदिवसाच्या सकाळी मी हॉलमध्ये जाहीर केलं, एसी बंद. तुमचा नातू घामाने कुरकुरला, त्याला म्हटलं खाली जाऊन बस. अंडी, नारळाचं दूध, भांडं, सगळं आधीच बाहेर काढून ठेवलं. तेलाची वाटी गरम पाण्यात ठेवली आणि बोट बुडवून बघत बसले. गरम लागत नव्हतं, गारही लागत नव्हतं. फेसलं तर मऊ, एकही खडा नाही. ओव्हन मध्यम. आणि आई, तो फुगला. वास असा सुटला की तुमचे चिरंजीव पेपर टाकून आले आणि ओट्याशी नुसतेच उभे राहिले. का उभे राहिले ते त्यांनाही सांगता आलं नाही.

संध्याकाळी तिच्या मैत्रिणी आल्या. सुरी फिरवून झाली, पहिला तुकडा तिच्यापुढे धरला, आणि तिचे हात आपोआप पाठीमागे गेले. सवय हो. तिने आईकडे पाहिलं. सून म्हणाली, "खा बाळा, हा तुझाच आहे." तरी तिने आधी बोटाने दाबून बघितला. मग एक घास घेतला. मग दोन्ही हातांनी खायला लागली, हनुवटीपर्यंत रवा. दुसरा तुकडा तिने मागून घेतला, तिसऱ्यासाठी मैत्रिणीशी भांडली. माझी सून आत जाऊन नळ सोडून रडली. मी नाही रडले, मला अजून तुमचा राग येत होता.

तिसरा तुकडा संपल्यावर ती माझ्याजवळ आली आणि सगळ्यांसमोर विचारलं, "आजी, हा तुला कुणी शिकवला?" तुमचं नाव अगदी ओठावर होतं. तुमचे चिरंजीव माझ्याकडे बघत होते, त्यांनाही वाटलं असणार की आता मी सांगणार. मी म्हटलं, "कुणी नाही. मीच केला." ती खूश होऊन मैत्रिणींना तेच सांगत सुटली. सांगेन मी तिला खरं, तुमचंही आणि आंटीचंही. पण आज चार दिवस झाले, ती रोज विचारते, मी रोज तेच उत्तर देते, आणि मला ते अजून फार गोड लागतंय.