ओमाहातले चार चेंडू

१४ फेब्रुवारी

अमेरिकेत कॉलेज बेसबॉलचा नवा सीझन कालपासून सुरू. ओजसच्या टीमने पहिली मॅच जिंकली, ओजसशिवाय. तो इथे आयर्लंडात, ब्युमॉन्टला, आमच्या स्वयंपाकघरात, उभ्याने टोस्ट खात होता. स्कोअर सांगितला. 'ग्रँड,' म्हणाला. या देशात ग्रँड म्हणजे बरं, वाईट, चालते व्हा — काहीही.

चिरंजीव वीस वर्षांचे. तिकडच्या युनिव्हर्सिटीत स्कॉलरशिपवर गेलेले पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे. ख्रिसमसला आले ते परत गेलेच नाहीत. सध्या सुपरमार्केटमध्ये शेल्फवर दुधाच्या बाटल्या रचतात. कोचने कळवलंय — परत येणार की नाही, ३१ मार्चपर्यंत सांग. नाहीतर जागा दुसऱ्याला.

मला काय वाटतं? काही वाटत नाही. दाताच्या डॉक्टरकडून आल्यावर गाल असतो तसं.

२० फेब्रुवारी

गेल्या जूनचं एकदा लिहून टाकतो.

सगळ्या सीझनमधून उरलेल्या आठ टीम शेवटच्या स्पर्धेला ओमाहा शहरात जातात. एकदा हरलं तर चालतं. दुसऱ्यांदा हरलं की घरी. आमचे एकदा हरलेले. दुसरी मॅच शेवटच्या डावात बरोबरीत, तिन्ही बेसवर त्यांची माणसं. ओजसला बोलावलं. त्याने चार चेंडू टाकले, चारही बाहेर. नियम असा की मग बॅटवाला फुकट पहिल्या बेसवर जातो आणि बाकीचे एकेक पुढे सरकतात. तिसऱ्यावरचा चालत घरी आला. मॅच खलास. कुणी बॅट हलवलीसुद्धा नाही!

इथे संध्याकाळ होती. मी लॅपटॉपवर बघत होतो. चौथा चेंडू पडला, लॅपटॉप मिटला, वही उघडली.

लेखाचं नाव 'ओमाहाचा दानशूर'. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात पहिल्या पानावर. कार्यक्रमात मी तो मोठ्याने वाचला तेव्हा ओजस अमेरिकेत होता. माझ्या बायकोच्या, पूर्णिमाच्या, हॉस्पिटलातले कन्सल्टंट, एरवी ज्यांची भुवई हलत नाही, डोळे पुसत होते.

ओजसला मराठी कळतं, वाचता येत नाही. त्या भरवशावर लिहिलं. इथे घरोघरी हीच सोय आहे — पोरांपासून लपवायचं ते बोलायचं नाही, देवनागरीत लिहायचं.

२१ फेब्रुवारी

आईला ही सोय माहीत नव्हती.

ती डिसेंबरात साताऱ्याहून आली. नाताळानंतर एका दुपारी वाटाणे सोलायला बसली आणि ओजसला हाक मारली. 'बस हितं. तुझ्या बाबानं तुझ्यावर लिव्हलंय बघ.' अख्खा लेख वाचला. नीट, थांबे घेऊन, माझ्यापेक्षा बरा. मी दारात उभा. आत जायला जमलं नाही, बाहेर जायलाही.

शेवटपर्यंत ऐकलं त्याने. 'थँक्स, आजी.' उरलेले वाटाणे सोलून दिले.

तेव्हापासून माझ्या वाट्याला ग्रँड.

३ मार्च

आईला विमानतळावर सोडलं. रांगेत विचारते, 'मी काय वंगाळ वाचलं का रं?'

वंगाळ तू वाचलं नाहीस, मी लिहिलं — असं म्हणायचं होतं. 'पासपोर्ट हातात ठेव,' म्हणालो.

८ मार्च

पूर्णिमा ड्यूटीवरून आली, कोट न काढता बसली. म्हणाली, तो बोलला माझ्याशी. लेखाचं त्याला काही नाही म्हणे. लेखात काय आहे ते त्याला ओमाहातच कळलं होतं.

'आस्क हिम अबाउट द फोन, म्हणतो. कसला फोन, केदार?'

मला माहीत नाही, म्हटलं. रोज किती पिता विचारल्यावर पेशंट 'एखादा पाइंट' म्हणतो, तेव्हा ती जशी बघते तशी बघितली.

१२ मार्च

मंडळाला पाडव्यासाठी लेख हवाय. 'हलकंफुलकं. ओजसवरचा होता तसा!'

कोरा कागद. बरा दिसतो.

१७ मार्च

सेंट पॅट्रिकची सुट्टी. टीव्हीवर हिरव्या टोप्यांचा पूर. मी वर बसून जूनचं रेकॉर्डिंग लावलं, पहिल्यांदाच चौथ्या चेंडूच्या पुढे.

मागेही गेलो. कॉमेंट्रीवाला सांगत होता — हा पोरगा सलग तिसऱ्या दिवशी टाकतोय, खांदा संपलेला असणार, पण दुसरं कुणी उरलं नाही, यानेच हात वर केला. हे मी जूनमध्येही ऐकलं असणार. लेखात नाही. त्याने विनोद पडला असता.

चौथ्या चेंडूनंतर कॅचर येऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवतो. बाकीच्या पोरांचे आईबाप कठड्यापाशी उतरून आलेले. ओजस जरा बाजूला बसून बुटाची लेस बांधतो. ती आधीच बांधलेली होती.

दोनदा बघितलं. काही झालं नाही मला.

२४ मार्च

मागच्या भिंतीवर चेंडू. ठप्प. थांबणं. ठप्प. शेजारच्या बाई कुंपणावरून म्हणाल्या, 'युअर मॅन इज बॅक ॲट इट.' मी खिडकी लावून घेतली. का, माहीत नाही.

३० मार्च

उद्या शेवटचा दिवस. त्याने अजून कोचला कळवलेलं नाही. माझ्याशी — ग्रँड.

३१ मार्च

फोन आला होता. मॅच संपल्यावर, टीमच्या बसमधून. मी बघितला. 'ओजस' असं नाव आलं, वाजत राहिला. लेखासाठी एक वाक्य सुचलं होतं, विसरेन म्हणून वाजू दिला. हे मी इथेही लिहिलं नव्हतं.

आज त्याला सांगितलं. त्याने हातातला चेंडू टेबलावर ठेवला. मग, 'व्हॉट वॉज द लाइन?'

आठवेना. अंक आणून शोधलं. लेखात ते वाक्य नाहीच.

'स्टे देअर, बाबा,' म्हणाला आणि कोचला फोन लावला. पलीकडे दुसऱ्या रिंगला उचलला.