मावशींचा थांबा

दि. ३ जुलै

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

दिवसभर गाडी चालवणाऱ्या बाईने लघवीला कुठे जायचं? मला उत्तर येत नाही, आणि पार्सलच्या सगळ्या गाड्यांचे रस्ते मीच आखते!

कुठलं पार्सल आधी, कुठलं वळण टाळायचं, सगळं संगणकावर मी ठरवते. साहेबांनी गेल्या आठवड्यात पेट्रोल पंपावरचा थांबा काढायला लावला, आणि मी काढला. तिथे माल उतरत नाही, म्हणजे तो वाया. आज गाड्या बघायला गेले, तर सीटखाली पिवळ्या बाटल्या. एक कलंडून औषधांच्या खोक्यावर सांडलेली. साहेब म्हणाले, पुसून पाठवा.

पुरुषांना बाटली तरी आहे. आमच्या ड्रायव्हर मावशी पाणीच पीत नाहीत. आज पोटात कळ येऊन चाकाशीच बसल्या. डॉक्टरांनी सांगितलंय, असंच चाललं तर मूत्रपिंड जाईल.

रागावलीस तरी माया कमी करू नकोस.
तुझी भाची

दि. ९ जुलै

चि. शहाणीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र जेवताना उघडलं, घास हातातच राहिला! त्या साहेबाला दिवसभर गाडीत कोंड, सोबत एक बाटली दे. पण बाई, घरातली पहिली पदवीधर तू. तुझा बाप ओळख नसलेल्यांनाही थांबवून तुझी नोकरी सांगतो. ती घालवू नकोस. पंपावर एक खोटं गिऱ्हाईक दाखव, गाड्या आपोआप थांबतील. झाकली मूठ सव्वा लाखाची.

जेवत जा. आठवण ठेव म्हणायला नको, माझी बोलणी आठवतीलच.
आत्या

दि. १५ जुलै

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझी युक्ती वाचून खूप हसले. मोहही झाला. पण खोट्या नावाआड जायला मावशी काय चोरी करतायत?

म्हणून साहेबांनाच विचारलं. चहाचा भुरका मारत म्हणाले, बाईंना पाणी कमी प्यायला सांगा. मग उठून आतल्या दाराने त्यांच्या शौचालयात गेले आणि हात पुसत परत आले. शिसारी आली गं. त्या ओल्या हातांनी त्यांनी माझ्या कामाचं कौतुकही केलं.

नोकरी गेलीच, तर बाबांना तूच समजावून सांग. साहेबांचं बोलावणं आलंय, पत्र टाकून आत जाते. तुझी माया पाठीशी आहे, हे धरूनच चालले आहे.

प्रत्येक गाडीच्या रस्त्यात मी थांबा घातला. त्यावर स्पष्ट लिहिलं, शौचालय. खाली माझं पूर्ण नाव. सकाळीच सगळ्या गाड्या निघाल्या. मावशी पाण्याची बाटली काठोकाठ भरून घेऊन गेल्या.

तुझी भाची