सहाशे मीटरवर दिसलेली गोळीची वाट

प्रिय टोरबोर्ग,

ट्रॉम्सोला मारितकडे सुखरूप पोचलो. लेक मजेत आहे. तू दिलेलं तपकिरी चीज तिने दोन दिवसांत संपवलं. माझा खांदा बरा आहे. तुझा गुडघा काय म्हणतोय?

काल तिने नेमबाजीच्या मैदानावर नेलं. लक्ष्य सहाशे मीटरवर, आणि बंदुकीत तू शिकारीला वापरतेस तेच बारीक, साडेसहा मिलिमीटरचं काडतूस, ज्याला मी चाळीस वर्षं 'खारीचं औषध' म्हणून हिणवलं. म्हणाली, "बाबा, माझ्या मागून दुर्बिणीत बघा. लक्ष्य नको, मधली हवा बघा."

गोळी दिसत नाही गं, पण तिच्यामागे हवा थरथरते, पाण्याखालून मासा जावा तशी. ती थरथर लक्ष्याच्या कितीतरी वर चढली आणि वळून अलगद मधोमध उतरली. जन्मभर गोळ्या झाडल्या, पण हे कधी पाहिलं नव्हतं.

मग त्याच बंदुकीने शंभर मीटरवर मी पाच झाडल्या. पाचही वर्तुळात. खांद्याला धक्का जेमतेम.

आता रागावू नको. गेल्या वर्षी माझ्या गोळीने तो मूस, एवढं थोरलं हरीण, नुसता जखमी झाला, तो मी सांगितलं तसं वाऱ्यामुळे नव्हे. माझ्या जाड काडतुसाच्या धक्क्याच्या धास्तीने मी आधीच डोळे मिटले होते. बिचारा दोन दिवसांनी सापडला. यंदा शिकारीतून नाव मागे घ्यायचं ठरवूनच इथे आलो होतो.

आता घेत नाही. मूस जवळ येऊ दिला तर तुझं काडतूस त्यालाही पुरतं, हे तू दरवर्षी सांगायचीस. आपल्या शिकारी टोळीच्या म्होरक्याला, हॉलवार्डला कळव, आस्लाक बायकोचं काडतूस घेऊन येतोय. हसला तर हसू दे.

फक्त पहिल्या दिवशी तू माझ्याशेजारी बस, आणि माझे डोळे उघडे आहेत ना, तेवढं बघ.

तुझाच,
आस्लाक