सांचिनमधली शेवटची थाप

७ डिसेंबर, शनिवार संध्याकाळ

सर, इतकी वर्षं तुम्हाला एक ओळही लिहिली नाही, माफ करा. आजही लिहितेय ते आठवण आली म्हणून नाही, भीती वाटतेय म्हणून. उद्या सकाळी मला माझ्या कराटेच्या वर्गासमोर तुमच्यासारखं उभं राहायचंय, आणि गेल्या आठवड्यात दुसऱ्या मजल्याच्या जिन्यावर माझा श्वास मध्येच तुटला. छातीवर कुणी गुडघा ठेवल्यासारखं झालं. डॉक्टरांनी सोमवारी तपासणीला बोलावलंय, तोवर अंगाला ताण नको म्हणाले. वर्गात मी कुणालाच सांगितलेलं नाही.

पेणकरपाड्याची ती गच्ची, तुमचा वर्ग. कठड्यापलीकडे तेव्हा अजून मिठागरं दिसायची. ओकिनावाच्या जुन्या पद्धतीत सगळे एकत्रच शिकतात असं तुम्ही सांगायचात, म्हणून कॉलेजातली मी, आठवड्यापूर्वी आलेले पांढऱ्या पट्ट्याचे गुजराती किराणावाले काका आणि जुने तपकिरी पट्टेवाले, सगळे एकाच रांगेत. सांचिन हा काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींचा क्रम, बघायला अगदी साधा. सगळं अंग आवळून तीन पावलं पुढे, सावकाश श्वास आत, सावकाश बाहेर. तपासणारा मागून खांद्यांवर, पाठीवर, मांड्यांवर थापा मारतो आणि अंग कुठे सैल पडलंय ते बघतो. काकांना तपासायला मी मागे उभी राहिले की ते आधीच विनवायचे, "बेन, धीरे मारना हां, मारे दुकान खोलवानी छे." आणि तुम्ही ओरडायचात, "काका, श्वास! गप्पा दुकानात."

एकदा काकांचा चेहरा लालबुंद झाला म्हणून मी हात थांबवला. त्यांना काही झालेलं नव्हतं. तुम्ही सगळ्यांसमोर मला म्हणालात, "तपासणाऱ्यानं घाबरायचं नसतं. तुझा हात थांबला की समोरच्याला कळतं, हिचा माझ्यावर विश्वास नाही." त्या दिवशी मी जिन्यात बसून रडले होते. तुम्हाला ते माहीत नसेल.

वर्षातून एका रविवारी तुम्ही स्वतः सांचिनला उभे राहायचात आणि सगळा वर्ग तुम्हाला तपासायचा. सगळ्यात नवा आधी, सगळ्यात जुना शेवटी. त्या वर्षी सगळ्यात जुनी मीच उरले होते, म्हणून शेवटची मी. मी तुमच्या मागे उभी आहे. तुमचा श्वास नेहमी एका दोरीसारखा सलग बाहेर यायचा. तिसऱ्या पावलावर तो तुटतो, मध्ये काहीच नाही, मग पुन्हा सुरू होतो. मानेवर घाम आलाय, डिसेंबरच्या सकाळी. माझा हात वर उचललेला. मागे न बघता तुम्ही म्हणता, "काय झालं? मार." मी दोन्ही खांद्यांवर मारते, पूर्ण जोरानं. तुम्ही हलत नाही. सगळे टाळ्या वाजवतात. काका म्हणतात, "अरे वाह, सर तो दीवार छे दीवार!"

चार दिवसांनी तुम्ही कामावर, स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात, मशीनजवळच खाली बसलात ते उठलाच नाहीत. तेराव्याला तुमच्या पत्नीनं, आमच्या काकूंनी, सांगितलं की वर्षभर दुखत होतं, गोळ्या कराटेच्या पिशवीत असायच्या, आणि "मुलांना कळू देऊ नको, त्यांचा विश्वास जाईल," असं तुम्ही बजावलं होतं. मग माझा हात धरून म्हणाल्या, "तुझ्या हातानं काही झालं नाही गं." मी तर त्यांना काहीच विचारलं नव्हतं.

पुढे एका डॉक्टरांना, अशा थापेमुळे मरण येऊ शकतं का हे, मी दुसऱ्याच कुणाची गोष्ट म्हणून विचारलं. ते म्हणाले, आता सांगता येणार नाही. म्हणजे नाही असंही ते म्हणाले नाहीत. तेव्हापासून कुणाच्या खांद्यावर थाप मारायची वेळ आली की माझा तळहात आधी गार पडतो.

मघाशी माझ्या सगळ्यात जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. एकोणीस वर्षांची आहे, तपकिरी पट्टा. "मॅडम, उद्या शेवटची मीच ना? या वेळी हळू मारणार नाही हां, सांगून ठेवते." मी हसले. "बघू तुझ्यात किती दम आहे," म्हणाले. माझा श्वास तुटला तर ती थांबेल का? नाही थांबणार. गेल्याच महिन्यात तिचा हात थांबला होता, आणि मी तिला तुमचंच वाक्य ऐकवलं, तुमच्याच आवाजात, सगळ्यांसमोर. मला मरायची भीती आहेच, खोटं कशाला बोलू. पण त्याहून जास्त भीती तिच्या तळहाताची वाटते, तोही माझ्यासारखा जन्मभर गार पडेल. सर, तुम्हाला माहीत होतं. तरी तुम्ही मला "मार" म्हणालात. याबद्दल मी तुमच्यावर रागावले आहे, हे लिहायला मला पंचवीसहून जास्त वर्षं लागली.

हे काकूंना दाखवायचं म्हणून लिहायला घेतलं होतं. नाही दाखवणार, कारण आता उरलेलंही लिहावं लागेल. मी सगळ्यांना सांगत आले की मला काहीच जाणवलं नाही. जाणवलं होतं. हात वर असताना मला पुरेसा वेळ होता, आणि त्या वेळात मी तुमचा विचार केला नाही. सगळ्यांसमोर पुन्हा बोलणी बसतील, एवढाच विचार केला.

उद्या : वर्गाला वाकून नमस्कार करण्याआधी, सगळ्यांसमोर, तिच्याकडे बघून सांगायचं की आज मी उभी राहणार नाही, आणि का ते.